एकच माउंट, दोन युगे : ऑटोफोकस फिल्म कॅमेरा, डिजिटल काळातील लेन्स आणि खानदेशची चित्रनोंद

प्रस्तावना

छायाचित्रणाचा इतिहास साधारणपणे दोन खंडांत मांडला जातो. पहिला खंड फिल्मचा आणि दुसरा डिजिटलचा. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पहिला संपला आणि दुसरा सुरू झाला, अशी ही मांडणी असते. ती सोयीची असली तरी पूर्णपणे खरी नाही. कॅमेऱ्याची बॉडी आणि तिच्यावर बसणारी लेन्स या दोन स्वतंत्र वस्तू असून त्यांची आयुष्ये वेगवेगळ्या लांबीची असतात. १९८७ ते २००६ या काळात तयार झालेले लहान, हलके, ऑटोफोकस असलेले फिल्म एस.एल.आर. कॅमेरे आणि त्यानंतर डिजिटल कॅमेऱ्यांसाठी तयार झालेल्या लेन्स यांचा संबंध पाहिला, तर दोन युगांमधील सीमारेषा धूसर होते. २०१५ साली बाजारात आलेली लेन्स १९८७ सालच्या फिल्म कॅमेऱ्यावर बसते आणि अचूक काम करते. या घटनेचा अर्थ काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

हा विषय केवळ तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांचा नाही. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांतील इतिहासाच्या अभ्यासकांसाठी तो साधनांचा प्रश्न आहे. प्रदेशाची चित्रनोंद कोणत्या माध्यमावर झाली, ते माध्यम किती काळ टिकेल आणि ते वाचण्याची साधने हाताशी राहतील काय, हे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. म्हणून प्रथम खानदेशातील छायाचित्रणाची पूर्वपीठिका, नंतर लेन्स-माउंटच्या धोरणांचा इतिहास आणि शेवटी त्याचा प्रादेशिक इतिहासलेखनाशी असलेला संबंध अशा क्रमाने विवेचन केले आहे.

पूर्वपीठिका : गिल आणि मूस

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे पूर्व खानदेश जळगाव आणि पश्चिम खानदेश धुळे या नावांनी ओळखला जाऊ लागला. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. या प्रदेशाच्या दक्षिण सीमेलगत अजिंठ्याची लेणी आहेत. प्रशासकीयदृष्ट्या ती खानदेशात येत नाहीत. परंतु जळगावहून ती सुमारे ६० किलोमीटर अंतरावर असून रेल्वेने येणारा प्रवासी आजही जळगाव स्थानकावर उतरून तिकडे जातो. त्यामुळे या भागातील छायाचित्रणाच्या इतिहासाची सुरुवात अजिंठ्यापासून करणे उचित ठरते.

मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी वर्षानुवर्षे खपून मोठ्या आकाराच्या तैलचित्र-प्रतिकृती तयार केल्या. लंडनजवळील सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ सालच्या आगीत नष्ट झाल्या. दरम्यान गिल छायाचित्रणाकडे वळले होते. त्यांनी काढलेली लेण्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. चित्रे जळाली, छायाचित्रे मात्र उरली. छायाचित्राच्या अनेक प्रती काढता येतात आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी राहू शकतात, हे यामागचे साधे कारण होय. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. गिल यांचे निधन १८७९ साली झाले आणि त्यांची कबर भुसावळ येथे आहे. अजिंठ्याचा पहिला मोठा छायाचित्रकार खानदेशच्या मातीत विसावला आहे, ही गोष्ट या प्रदेशात पुरेशी स्मरणात राहिलेली नाही.

दुसरे नाव चाळीसगावच्या केकी मूस यांचे. मूस (१९१२-१९८९) यांनी इंग्लंडमध्ये शिक्षण घेतले, मात्र परतल्यावर मोठ्या शहराऐवजी चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळील आपल्या घरातच आयुष्य व्यतीत केले. अनेक दशके ते क्वचितच घराबाहेर पडले. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, प्रकाशाची योजना करून त्यातून विस्तीर्ण दृश्याचा भास निर्माण करणाऱ्या टेबल-टॉप छायाचित्रणासाठी त्यांना देशविदेशांत अनेक पारितोषिके मिळाली. त्यांचे घर आज कलासंग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. टेबल-टॉप प्रकारात चित्राचा कोणता भाग स्पष्ट आणि कोणता अस्पष्ट ठेवावयाचा, हा सर्वस्वी कलावंताचा निर्णय असतो. त्यांच्या कारकिर्दीचा जवळजवळ सर्व काळ ऑटोफोकसपूर्व होता. अखेरच्या काही वर्षांतच जगाच्या बाजारपेठेत फोकसचा निर्णय यंत्राकडे सोपविणारा कॅमेरा आला.

ऑटोफोकसचे आगमन

मूस यांच्या हयातीत भारतातील जिल्ह्याच्या ठिकाणचा स्टुडिओ प्रामुख्याने मध्यम आकाराच्या १२० रोलवर चालत असे. याशिका मॅटसारख्या दोन भिंगांच्या जपानी कॅमेऱ्यात एका रोलवर चौरस आकाराची १२ चित्रे निघत. लग्नसमारंभातील प्रत्येक चित्राचा हिशेब ठेवावा लागे. ३५ मिलिमीटरचा एस.एल.आर. कॅमेरा, म्हणजे आरशाच्या साहाय्याने लेन्समधूनच दृश्य दाखविणारा कॅमेरा, हा हौशी आणि वृत्तपत्रीय छायाचित्रकारांचा मानला जाई. परदेशी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर दीर्घकाळ निर्बंध होते. १९९१ नंतर ते शिथिल होत गेले आणि उरलेले संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. जगात ऑटोफोकस फिल्म कॅमेरा परिपक्व होण्याचा आणि भारतीय बाजारपेठ खुली होण्याचा काळ असा जवळजवळ एकच आहे.

ऑटोफोकसची बीजे त्याआधीची आहेत. १९७७ साली कोनिका कंपनीने स्वतः फोकस करणारा छोटा कॅमेरा बाजारात आणला. १९८१ साली पेंटॅक्सने एस.एल.आर. कॅमेऱ्यात हा प्रयोग केला, परंतु त्यासाठी मोटर असलेली खास जड लेन्स लागे. १९८५ साली मिनोल्टा ७००० हा कॅमेरा आला आणि चित्र पालटले. फोकस ओळखणारी यंत्रणा आणि मोटर या दोन्ही गोष्टी त्याच्या बॉडीतच होत्या. पाठोपाठ १९८६ साली निकॉनचा एफ-५०१ आणि १९८७ साली कॅननचा ईओएस ६५० आला. हनीवेल या अमेरिकन कंपनीने पेटंटभंगाचा दावा केल्यामुळे मिनोल्टाला १९९२ साली १२ कोटी ७५ लाख डॉलर द्यावे लागले. या रकमेवरून त्या तंत्राचे व्यापारी महत्त्व ध्यानात येते.

तोडणे आणि सांभाळणे : दोन धोरणे

ऑटोफोकससाठी बॉडी आणि लेन्स यांच्यात शक्ती आणि माहिती यांची देवाणघेवाण आवश्यक झाली. जुने माउंट केवळ यांत्रिक होते. अशा वेळी कंपन्यांसमोर दोन मार्ग होते.

कॅननने तोडण्याचा मार्ग स्वीकारला. १९७१ पासून चालत आलेले एफडी माउंट १९८७ साली सोडून देऊन ईएफ हे संपूर्ण नवे माउंट स्वीकारण्यात आले. फोकसची मोटर लेन्समध्ये गेली, ॲपर्चर लहानमोठे करण्याचे कामही विजेवर चालू लागले आणि बॉडी व लेन्स यांच्यात एकही यांत्रिक दुवा उरला नाही. ज्यांनी एफडी लेन्सवर आयुष्यभराची पुंजी घातली होती, त्यांचे त्या दिवशी मोठे नुकसान झाले. तथापि या कठोर निर्णयाचे फळ पुढील तीन दशके मिळत राहिले. ईएफ माउंटचा मूळ करार पुढे बदलावा लागला नाही. म्हणूनच २०१२ सालची ४० मिलिमीटर एफ २.८ एसटीएम किंवा २०१५ सालची ५० मिलिमीटर एफ १.८ एसटीएम ही लेन्स डिजिटल कॅमेऱ्याप्रमाणेच ईओएसच्या फिल्म कॅमेऱ्यावरही ऑटोफोकससह चालते.

निकॉनने सांभाळण्याचा मार्ग धरला. १९५९ सालचे एफ माउंट कायम ठेवून त्यातच नव्या सोयी एकेक करून बसविण्यात आल्या. आधी बॉडीतील मोटरने लेन्समधील स्क्रू फिरविणारी पद्धत आली. नंतर मोटर लेन्समध्ये ठेवणारी एएफ-एस पद्धत आली. २००० च्या सुमारास ॲपर्चरचे कडे नसलेल्या जी प्रकारच्या लेन्स आल्या. पुढे विजेवर चालणाऱ्या ॲपर्चरच्या ई प्रकारच्या आणि वेगळ्या मोटरच्या एएफ-पी लेन्स आल्या. बाह्यतः माउंट तेच राहिले. अंतर्यामी मात्र अपवादांची यादी वाढत गेली. जी लेन्स एफएम २ सारख्या जुन्या यांत्रिक बॉडीवर लावली, तर ॲपर्चर सर्वांत लहान छिद्रावरच अडकून राहते. ई लेन्स फिल्म कॅमेऱ्यावर लावली, तर ॲपर्चर पूर्ण उघडेच राहते. एएफ-पी लेन्स कोणत्याही फिल्म कॅमेऱ्यावर फोकस करीत नाही. २००२ सालचा एफ ५५ हा लहान कॅमेरा तर त्याच्या आधीच बाजारात आलेल्या एएफ-एस लेन्सवरही ऑटोफोकस करू शकत नाही. याउलट २००० सालचा एफ ८० आणि २००३ सालचा एफ ७५ हे कॅमेरे एएफ-एस, जी आणि प्रतिमा-स्थिरीकरण असलेल्या लेन्स स्वीकारतात. २०११ सालची ५० मिलिमीटर एफ १.८ जी लेन्स एफ ८० वर सर्व सोयींसह चालते.

तिसरे उदाहरण मिनोल्टाचे. १९८५ सालचे त्यांचे माउंट कंपनीपेक्षा अधिक जगले. कोनिका मिनोल्टाने २००६ साली कॅमेऱ्याचा व्यवसाय सोडला आणि ते माउंट सोनीकडे गेले. सोनीने ते २०२१ पर्यंत चालविले. कंपनी गेली, मात्र जोडणी राहिली.

या तिन्ही उदाहरणांवरून एक निष्कर्ष काढता येतो. सातत्य टिकवण्यासाठी जुन्याला चिकटून राहणे पुरेसे नसते आणि तोडणे म्हणजे नेहमीच सातत्याचा अंत नसतो. ज्याने १९८७ साली तोडले, त्याचे पुढील सातत्य अधिक निर्दोष ठरले. ज्याने जपले, त्याच्या वाट्याला तडजोडी आल्या; परंतु १९६० च्या दशकातील लेन्स बाळगणाऱ्या जुन्या ग्राहकाला त्याने वाऱ्यावर सोडले नाही. किंमत दोघांनीही मोजली. ती कोणत्या पिढीकडून वसूल करावयाची, एवढाच फरक होता. इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट भाषा, लिपी आणि संस्था यांच्या संदर्भातही परिचयाची वाटेल.

डिजिटलचा सांधा

डिजिटल कॅमेरा फिल्म कॅमेऱ्याच्या विरोधात नव्हे, तर त्याच्याच सांगाड्यावर उभा राहिला. २००२ साली आलेला फुजीचा एस २ प्रो हा डिजिटल कॅमेरा निकॉन एफ ८० च्या बॉडीवर आधारलेला होता. कॅननचा ईओएस ३०० व्ही हा फिल्म कॅमेरा २००२ चा आणि ईओएस ३०० डी हा डिजिटल कॅमेरा २००३ चा. नावातील एका अक्षराच्या फरकात एका युगाचा अस्त सामावलेला आहे.

याच काळात सुसंगततेला पहिला तडा गेला. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ × ३६ मिलिमीटरची असते. स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांतील सेन्सर त्याहून बराच लहान होता. त्या लहान चौकटीपुरताच प्रकाश टाकणाऱ्या लेन्स तयार होऊ लागल्या. कॅननच्या ईएफ-एस लेन्स फिल्म कॅमेऱ्यावर बसतच नाहीत. निकॉनच्या डीएक्स लेन्स बसतात, परंतु बहुतेकांच्या चित्राचे कोपरे काळे होतात. त्यामुळे "डिजिटल काळातील लेन्स" ही संज्ञा सरसकट वापरता येत नाही. पूर्ण चौकटीसाठी केलेली लेन्स फिल्मला उपयोगी, लहान सेन्सरसाठी केलेली निरुपयोगी, असा भेद करावाच लागतो. सिग्मा, टॅम्रॉन यांसारख्या अन्य उत्पादकांच्या लेन्सबाबत अधिक सावधगिरी हवी. त्यांनी मूळ कंपनीची संदेशपद्धती अंदाजाने उलगडलेली असल्याने काही बॉडी-लेन्स जोड्या एकमेकींना ओळखत नाहीत.

२००६ च्या जानेवारीत निकॉनने एफ ६ आणि एफएम १० वगळता आपले फिल्म कॅमेरे बंद करीत असल्याचे जाहीर केले. एफ ६ चे उत्पादनही २०२० साली थांबले. कॅननने ईओएस-१ व्ही ची विक्री २०१८ साली संपविली. त्याच २०१८ साली दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवी माउंट आणली आणि दार एका बाजूने कायमचे बंद झाले. फिल्म एस.एल.आर. मध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा फिरण्यासाठी जागा ठेवावी लागते. कॅनन ईएफ मध्ये माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४४ मिलिमीटर आणि निकॉन एफ मध्ये ४६.५ मिलिमीटर आहे. नव्या आरएफ माउंटमध्ये ते २० आणि झेड माउंटमध्ये १६ मिलिमीटर आहे. जुनी लेन्स मध्ये जोडकडी घालून नव्या कॅमेऱ्यावर लावता येते. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर लावता येत नाही. म्हणजे दोन युगांना जोडणारा हा पूल साधारणपणे १९८७ पासून तीन दशकांच्या लेन्सपुरताच आहे. तो आणखी लांबणार नाही.

या मर्यादित काळाचे एक वैशिष्ट्य नोंदवले पाहिजे. आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यातही छायाचित्रकार लेन्समधूनच दृश्य पाहत असे, त्यामुळे भिंगांचे दोष मुख्यतः भिंगांमध्येच दुरुस्त करावे लागत. आरसा गेल्यावर रेषांची वक्रता किंवा कोपऱ्यांतील अंधार संगणकीय दुरुस्तीवर सोपविणे सोपे झाले. फिल्मला अशी दुरुस्ती उपलब्ध नाही. म्हणून फिल्मच्या दृष्टीने २००० ते २०१८ या काळातील पूर्ण चौकटीच्या लेन्स विशेष मोलाच्या ठरतात. उत्तम लेपन, स्पष्टता आणि स्थिरीकरण या नव्या गोष्टी त्यांच्यात आहेत आणि दोषनिवारणाची जुनी शिस्तही आहे.

लहान बॉडीचे सामर्थ्य आणि दौर्बल्य

ईओएस ३०० (१९९९), ईओएस ३०० व्ही आणि निकॉन एफ ७५ हे कॅमेरे प्लास्टिकचे, स्वस्त आणि चारशे ग्रॅमहून कमी वजनाचे आहेत. विक्रीच्या काळात त्यांना हौशी ग्राहकांचे कॅमेरे म्हणून गौण लेखले गेले. त्यांच्यासोबत मिळणाऱ्या झूम लेन्सही साधारण होत्या आणि या कॅमेऱ्यांची कीर्ती त्या लेन्समुळे खालावली. वस्तुतः फिल्म कॅमेऱ्याच्या बॉडीचे काम मर्यादित असते. फिल्म सपाट धरणे, शटर ठरावीक काळ उघडणे, प्रकाश मोजणे आणि फोकस साधणे एवढेच तिने करावयाचे असते. चित्राची गुणवत्ता फिल्म आणि लेन्स ठरवितात. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर जुना झाला की कॅमेरा जुना होतो. फिल्म कॅमेऱ्यात प्रत्येक नवा रोल हा नवा सेन्सर असतो. चांगली लेन्स लावली, तर स्वस्त बॉडीचे चित्र महागड्या बॉडीच्या चित्रापासून वेगळे ओळखणे कठीण जाते.

ईओएस ३०० मध्ये रोल घातल्याबरोबर संपूर्ण फिल्म बाहेर ओढली जाते आणि एकेक चित्र घेतल्यावर ती डबीत परत जाते. मागचे झाकण चुकून उघडले, तरी काढलेली चित्रे डबीत सुरक्षित राहतात. मंगल कार्यालयाच्या गर्दीत या सोयीचे मोल फार होते.

दौर्बल्येही तितकीच स्पष्ट आहेत. लिथियमची बॅटरी संपली की हे कॅमेरे पूर्णपणे निश्चल होतात. आतील सर्किट बिघडले, तर दुरुस्ती जवळजवळ अशक्य असते. १९८७ च्या आसपासच्या काही ईओएस कॅमेऱ्यांत शटरजवळचा फोम कालांतराने चिकट होऊन पडद्यांवर उतरतो. एफ ८० च्या मागील झाकणावरील रबरी थर चिकट होतो. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत हे दोष अधिक लवकर उद्भवणे स्वाभाविक आहे.

अजिंठ्याची कसोटी

लेण्यांमध्ये फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. आतील प्रकाश अत्यंत मंद असतो. अशा ठिकाणी जुन्या झूम लेन्सचे ॲपर्चर ५० मिलिमीटरच्या आसपास एफ ४.५ एवढेच उघडते. त्याच बॉडीवर एफ १.८ ची लेन्स लावल्यास सुमारे सहापट प्रकाश मिळतो. ३५ मिलिमीटरची लेन्स हातात धरून साधारण एक तीसांश सेकंदापर्यंत स्थिर चित्र घेता येते, असा संकेत आहे. २०१२ सालच्या कॅननच्या ३५ मिलिमीटर एफ २ स्थिरीकृत लेन्सबाबत चार टप्प्यांच्या लाभाचा दावा कंपनी करते. हिशेबाने हा काळ अर्ध्या सेकंदापर्यंत जातो. प्रत्यक्षात त्याहून कमी लाभ धरावा. ही लेन्स फिल्म ईओएसवरही चालते. प्रतिमा-स्थिरीकरण हा डिजिटल युगाचा शोध आहे, हा समजही येथे दुरुस्त करावयास हवा. एस.एल.आर. साठी अशी पहिली लेन्स कॅननने १९९५ साली, म्हणजे फिल्मच्याच काळात आणली होती.

अर्थात मंद प्रकाशात आजचा डिजिटल कॅमेरा फिल्मपेक्षा सरस आहे. ४०० आयएसओच्या फिल्मला जे जमत नाही, ते त्याला सहज जमते. रोल महाग झाले आहेत आणि ते धुऊन देणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांपुरत्या उरल्या आहेत. कृष्णधवल फिल्म घरी धुता येते, परंतु त्यासाठी २० अंश सेल्सिअस तापमानाचा प्रमाण संकेत आहे. रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेचे तापमान सुमारे ३८ अंश असते. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातील दुपार त्याहूनही तप्त असते. या प्रदेशात रसायन तापविण्याची नव्हे, तर थंड करण्याची चिंता करावी लागते. म्हणून फिल्मचा पुरस्कार स्मरणरंजनातून करणे योग्य नाही. तो करावयाचा असेल, तर नोंदीच्या टिकाऊपणाच्या कारणानेच केला पाहिजे.

निगेटिव्ह हे दप्तर

धुळे येथे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली निधन झाले आणि त्यांच्या नावाने उभे राहिलेले संशोधन मंडळ त्यांच्या संग्रहाचे जतन करीत आले आहे. "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. गावोगाव हिंडून, माळ्यांवर आणि पेटाऱ्यांत पडलेली दप्तरे वाळवीच्या आणि रद्दीच्या तावडीतून सोडविणे, हे राजवाड्यांच्या कार्याचे मर्म होते. ज्यांच्या घरी ती दप्तरे होती, त्यांना बहुधा त्यांचे मोल ठाऊक नव्हते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील खानदेशाची दप्तरे केवळ कागदावर नाहीत. विवाह, निवडणुका, बाजारपेठा, शाळांची स्नेहसंमेलने, केळीच्या बागा, तापी आणि गिरणेचे पूर यांची नोंद स्टुडिओंमधील निगेटिव्हवर आहे. स्टुडिओ बंद होतात, जागा विकल्या जातात, पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायात जाते. निगेटिव्हच्या पेट्या तेव्हा अडगळ ठरतात. नीट धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह थंड आणि कोरड्या जागी अनेक दशके टिकते. रंगीत निगेटिव्हचे रंग उतरतात आणि ॲसिटेटची पट्टी उष्णता व दमटपणा यांमुळे आंबट वास येऊन आकसते. तरीही कोणतेही यंत्र हाती नसताना ती उजेडासमोर धरून वाचता येते. डिजिटल फाईलबाबत असे म्हणता येत नाही. तिची प्रत काढणे सोपे आहे, परंतु प्रत काढणारा कोणी नसेल, तर एका डिस्कच्या बिघाडाने सर्व काही नाहीसे होते. गिल यांच्या प्रतिकृतींनी दिलेला धडा दोन्ही माध्यमांना सारखाच लागू पडतो. एकाच ठिकाणी ठेवलेली एकमेव प्रत सुरक्षित नसते.

येथेच प्रस्तुत विषयाचा व्यावहारिक उपयोग दिसून येतो. २००० सालची कॅननची १०० मिलिमीटर मॅक्रो किंवा २००८ सालची निकॉनची ६० मिलिमीटर मायक्रो यांसारखी पूर्ण चौकटीची एक लेन्स महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे असेल, तर तीच लेन्स दोन कामे करू शकते. सुसंगत फिल्म बॉडीवर लावून थाळनेरच्या फारुकी कबरी, बळसाण्याची मंदिरे, लळिंगचा किल्ला किंवा फरकांड्याचे झुलते मनोरे यांची कृष्णधवल निगेटिव्ह तयार करता येते. डिजिटल बॉडीवर लावून, उजेडाच्या पेटीवर ठेवलेल्या जुन्या निगेटिव्हची प्रतही काढता येते. मूळ वस्तू आणि तिची सहज वाटता येणारी प्रत या दोन्ही गोष्टी एकाच भिंगातून सिद्ध होतात. त्यासाठी लागणारी फिल्म बॉडी अनेक घरांच्या कपाटांत निरुपयोगी म्हणून पडलेली असण्याचा संभव आहे. ती भंगारात देण्यापूर्वी तिच्या माउंटचा प्रकार पाहणे एवढीच अपेक्षा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

१. फिल्म आणि डिजिटल यांच्यातील बदल हा पूर्ण खंड नव्हता. ईएफ, एफ आणि मिनोल्टाचे माउंट या जोडण्यांनी दोन युगांना सुमारे तीन दशके बांधून ठेवले.

२. ही सुसंगतता योगायोगाने घडली नाही. १९८५ ते १९८७ या काळात कंपन्यांनी घेतलेल्या निर्णयांचा तो परिणाम आहे. तोडणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या अशा दोन्ही धोरणांची किंमत वेगवेगळ्या पिढ्यांनी मोजली.

३. जुनी लेन्स पुढे जाते, नवी लेन्स मागे येत नाही. २०१८ नंतर हा पूल वाढणे थांबले आहे. त्यामुळे आज उपलब्ध असलेल्या सुसंगत बॉडी आणि लेन्स हा मर्यादित साठा आहे.

४. खानदेशाच्या संदर्भात या साठ्याचे महत्त्व प्रादेशिक इतिहासाच्या साधनांशी निगडित आहे. निगेटिव्ह निर्माण करणे, तिची प्रत काढणे आणि दोन्ही निरनिराळ्या ठिकाणी ठेवणे ही कामे एकत्रितपणे व्हावयास हवीत.

राजवाड्यांच्या काळात दप्तर सापडले, तर ते वाचणारा मोडीचा जाणकार गावातच भेटत असे. निगेटिव्ह आणि तिची यंत्रे ओळखणारी पिढी आज हयात आहे. तिच्याकडून पेट्यांवरील तारखा, चित्रांतील माणसे आणि स्थळे जाणून घेण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांनी हाती घेतले नाही, तर उद्या निगेटिव्ह उरतील, परंतु त्यांत कोण आहे हे सांगणारे कोणी उरणार नाही.